मॉर्फिनच्या गोळीबद्दल फिरणारा मेसेज आणि खरी गोष्ट

गावकीच्या आणि मुंबईकर मंडळांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो आहे. मजकूर थोडक्यात असा: "कॅन्सरच्या पेशंटला देतात ती मॉर्फिन म्हणजे अफू. एकदा सुरू झाली की माणूस व्यसनी होतो आणि लवकर जातो. म्हणूनच तिच्यावर सरकारची बंदी आहे. त्यापेक्षा अफूच्या बोंडांचा नाहीतर खसखशीचा काढा द्या. आपल्या आज्या तान्ह्या बाळांना अफू चाटवत, कुणाला काही झालं नाही."

मी नर्स आहे. कॅन्सरच्या पेशंटकडे घरोघरी जाते. या मेसेजपायी गोळ्यांच्या स्ट्रिपा फडताळात तशाच पडलेल्या पाहते, आणि खाटेवर माणूस कण्हत असतो. म्हणून हे लिहिते आहे.

मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं हे औषध, अफूतून निघते, एवढं खरं. अफूची परवान्याची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. नीमच, मंदसौर, चित्तोडगड ही नावं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. हिरव्या बोंडाला दुपारी चिरा देतात, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून घेतात. ही अफू सरकारच्या ताब्यात जाते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यातून मॉर्फिन, कोडीन वगैरे द्रव्यं वेगळी काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झेर्ट्युर्नर या जर्मन औषधतज्ज्ञानं मॉर्फिन पहिल्यांदा वेगळी केली. त्याआधी डॉक्टर अंदाजानं अफू देत, कारण कुठल्या अफूत मॉर्फिन किती हे कळायला मार्ग नव्हता. आज दहा मिलिग्रॅमच्या गोळीत दहा मिलिग्रॅमच असतं. कमी करता येतं, वाढवता येतं, लिहून ठेवता येतं. मेसेज नेमकी हीच गोष्ट पुसून टाकतो.

व्यसनाच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण सगळी भीती तिथे आहे. देवगडकडच्या एका काकींना तोंडाचा कॅन्सर होता. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "सिस्टर, नशेची गोळी माका नको." सून बिचारी त्या ओरडल्या की अर्धी गोळी द्यायची आणि पुन्हा ओरडेपर्यंत थांबायची. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. ती दुखणं वर येण्याआधी, घड्याळ लावून द्यायची असते. वाट पाहत राहिलं की दुखणं दरवेळी जिंकतं आणि पेशंटचं सगळं लक्ष पुढच्या गोळीकडे लागतं. घरच्यांना वाटतं, लागलं बघा व्यसन! डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या. काही दिवसांत काकी पडवीत येऊन बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "पेजेत मीठ कमी आसा." पुढे रेडिएशननं गाठ आकसली, डॉक्टरांनी डोस टप्प्याटप्प्यानं उतरवला आणि गोळी बंद झाली. त्यांनी ती परत मागितली नाही.

शरीराला औषधाची सवय होते, हे मी नाकारत नाही. एकदम बंद केलं तर घाम, पोटात मुरडा, जुलाब, बेचैनी होते, म्हणून ते उतरवत न्यायचं. पण व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही वस्तूच्या मागे धावणं. दुखणं थांबावं म्हणून वेळेवर गोळी घेणारी बाई ते करत नसते. धोका शून्य नाही. घरात कुणाला दारूचं किंवा नशेचं व्यसन असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. आणि मला मनापासून वाईट वाटतं ते याचं, की ज्या घरांत मिश्रीचा डबा पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी राहिला आणि त्याला कुणी व्यसन म्हटलं नाही, तिथेच तंबाखूनं झालेल्या कॅन्सरवरची गोळी नशा म्हणून नाकारली जाते.

"लवकर जातो" हे येतं कुठून? घाबरून गोळी शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवतात. मग माणूस जातो आणि दोष गोळीवर येतो. नीट दिलेली मॉर्फिन लहान डोसनं सुरू होते आणि लागेल तशी वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्यावरच्या औषधांची शिडी १९८६ साली मांडली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. तिथे पायरी ठरते ती दुखण्याच्या जोरावर. आयुष्य किती उरलंय याच्याशी तिचा संबंध नाही. पहिले दोन-तीन दिवस झापड येते, मळमळतं. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. किडनी अधू असेल तर डोस जपून ठरवावा लागतो. पेशंट हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंदावला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर तातडीनं हॉस्पिटल गाठा. त्यावर नॅलॉक्सोन हा उतारा आहे.

बंदी नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात परवाने इतके किचकट झाले, की अनेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा बदलून मॉर्फिनसह काही अत्यावश्यक औषधांची वाट सोपी केली. तरी ती प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. गोळ्यांसाठी माणसं कोकण रेल्वेनं मुंबईला टाटाला जातात, आणि ही टंचाईच गावात बंदी म्हणून सांगितली जाते.

काढ्याबद्दल स्पष्ट सांगते. बोंडात मॉर्फिन किती आहे हे पाहून कळत नाही. एक कप काही करणार नाही, दुसरा श्वास थांबवेल. शिवाय बिनपरवाना बोंडं बाळगणं हा त्याच कायद्यानं गुन्हा आहे. खसखशीत मुळात चीक नसतो, बोंडाचा बाहेरून लागलेला अंश तेवढा असतो. अनारशाला लावा, मटणाच्या वाटणात घाला. तिनं कॅन्सरचं दुखणं थांबत नाही. पण दुबईला जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत मसाल्याबरोबर खसखस देऊ नका. अमिरातीत तिला बंदी आहे.

आणि बाळांना अफू? बाळ गप्प व्हायचं ते गुंगीनं. तान्ह्या बाळाचा श्वास थोड्याशा अफूनंही मंदावतो, आणि जी बाळं झोपेतून उठली नाहीत, त्यांच्या बाबतीत अफूचं नाव घ्यायला कोण पुढे आलं असेल? अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१७ साली बारा वर्षांखालच्या मुलांना मॉर्फिनपेक्षा सौम्य असलेलं कोडीनसुद्धा देऊ नका असं बजावलं, तेही याच श्वासाच्या भीतीनं.

गैरवापर होतो, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. खोकल्याचं कोडीनचं औषध बाटलीच्या बाटली पिणारी पोरं आहेत. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध तर अफूतून निघतही नाही, कारखान्यात बनतं, पण त्याची नशा इतकी वाढली की २०१८ साली तेही अमली पदार्थ कायद्याखाली आणावं लागलं. म्हणून मॉर्फिन कुलपात ठेवा, रोज मोजा. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकांच्या गुडघेदुखीला देऊ नका. जिथून मिळाल्या त्या हॉस्पिटलात परत करा.