‘न बोलणारी मुले नमुन्यातून वगळा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

गुणात्मक संशोधनासाठी, म्हणजे आकड्यांऐवजी अनुभव समजून घेणाऱ्या अभ्यासासाठी, नमुना (अभ्यासात घ्यायची माणसे) निवडण्याचे ‘चार सोपे नियम’ सांगणारा एक मजकूर संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या फिरतो आहे. किमान 30 मुले चिठ्ठ्या टाकून निवडावीत. न बोलणारी मुले वगळून त्यांच्याऐवजी पालकांच्या मुलाखती घ्याव्यात. 12 मुलाखती झाल्या की थांबावे. आणि पालकांची सही मिळाली की संमतीचा प्रश्न मिटतो, असे ते नियम. तीव्र स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांच्या शाळेतील दिनक्रमावर प्रबंध लिहिणाऱ्या माझ्या भाचीने हा मजकूर प्रमाण मानून आपल्या आराखड्यातून निम्मी मुले काढून टाकली, म्हणून हे उत्तर.

पहिल्या नियमावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. एखाद्या गोष्टीचे लोकसंख्येतील प्रमाण काढायचे असते तेव्हा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी, निवड लागते. अनुभव समजून घ्यायचा असतो तेव्हा वय, संवादाची रीत, सोबतचे आजार आणि आधाराची गरज पाहून सहेतुक निवड करतात. एकीकडे 30 आणि दुसरीकडे 12, ही विसंगती तर लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेली दिसत नाही.

खरा अनर्थ दुसऱ्या नियमात आहे. 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेतील तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक आधार लागणाऱ्या, स्तराचे उदाहरणच मुळी मोजकेच शब्द समजण्याजोगे बोलणाऱ्या व्यक्तीचे आहे. अशा मुलांवरील अभ्यासातून न बोलणारी मुले वगळली, तर अभ्यासाचा विषयच हातचा जातो. शिवाय बौद्धिक अक्षमता असलेल्या, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्ती संशोधनातून आधीच पुरेशा वगळल्या गेल्या आहेत. ‘मॉलिक्युलर ऑटिझम’ या नियतकालिकातील 2019 च्या एका आढाव्यात स्वमग्नतेला वाहिलेल्या नियतकालिकांमधील 2016 चे 301 अभ्यास तपासले गेले, तेव्हा त्यांतील 94 टक्के स्वमग्न सहभागींना बौद्धिक अक्षमता नव्हती, असे आढळले. प्रत्यक्षात बौद्धिक अक्षमता निरनिराळ्या अंदाजांनुसार एक तृतीयांश ते निम्म्या स्वमग्न व्यक्तींमध्ये असते.

‘मग मुलाखत कशी घेणार?’ असे विचारले जाते, जणू मुलाखत हे एकच साधन आहे. एखादे मूल मोठ्या माणसाचा हात धरून दाराच्या कडीवर नेऊन ठेवते. आई म्हणेल, त्याला बाहेर जायचे आहे. शिक्षिका म्हणतील, वर्गातला गोंगाट त्याला सोसत नाही. कोणाचे खरे, हे शांत तासाला, मधल्या सुट्टीत आणि घरीही तेच मूल पाहिल्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे इथे मुलांइतकीच प्रसंगांची, वेळांची आणि जागांचीही निवड करावी लागते, आणि चित्रकार्डे किंवा संवादफलक वापरणाऱ्या मुलाला ते साधन हाताशी असतानाच पाहावे लागते. पालकांची मुलाखत अवश्य घ्यावी. मात्र तिच्यातून पालकांचा अनुभव आणि त्यांनी लावलेला अर्थ मिळतो, आणि प्रबंधात त्याला तेच म्हणावे.

12 च्या आकड्यात अर्धे सत्य आहे, हे मान्य करावे लागेल. 2006 मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांना घाना व नायजेरियातील 60 मुलाखतींच्या विश्लेषणात पहिल्या 12 मुलाखतींपर्यंतच संपृक्तता, म्हणजे नवे मुद्दे निघणे जवळजवळ थांबल्याची अवस्था, आढळली होती. पण त्या बऱ्याच अंशी एकसारख्या गटातील, बोलू शकणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या ठरावीक प्रश्नांवरील मुलाखती होत्या. एका मुलाच्या अनेक दिवसांच्या निरीक्षणाला तो आकडा लावायचा तरी कसा?

राहिली पालकांची सही. ती आवश्यक आहे, पुरेशी नाही. मूल तोंड फिरवते, संशोधकाला ढकलते किंवा खोलीतून निघून जाते, तो नकार असू शकतो. त्याला ओळखणाऱ्या माणसांकडून त्याच्या नकाराच्या खुणा आधीच समजून घ्याव्यात आणि त्या दिसताच त्या दिवसाचे काम थांबवावे. नकार देणाऱ्या मुलाच्या जागी गुपचूप एखादे ‘शांत’ मूल घेतले, तर नमुना पुन्हा सोयीच्या मुलांकडेच झुकतो. म्हणून कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी नकार दिला, याची नोंद नमुना निवडीच्या प्रकरणातच यायला हवी.