'सगळं मिळालं होतं की तिला!' या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. अमेरिकन लेखिका सिल्व्हिया प्लाथच्या 'द बेल जार' या कादंबरीबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता: शिष्यवृत्ती, न्यूयॉर्क, नवे कपडे, सगळं मिळालेल्या मुलीचं हे रडगाणं आहे. आमच्या आयांना असलं दुःख करत बसायला फुरसत नव्हती. आणि पुस्तक आल्यावर महिन्याभरात जिने आत्महत्या केली, तिच्या पुस्तकाचं कौतुक तरुण मुलांपुढे कशाला?

शेवटच्या मुद्द्यात चूक माझी आहे. मीच या कादंबरीला 'मृत्यूची चाहूल' म्हटलं होतं. जानेवारी 1963मध्ये पुस्तक आलं, 11 फेब्रुवारीला प्लाथ गेली, आणि मी त्या तारखांमधून कादंबरी वाचली. खरं तर पहिल्याच प्रकरणात नायिका एस्थर जाता जाता सांगते, की चष्म्याच्या केसवरचा प्लॅस्टिकचा तारामासा तिने गेल्या आठवड्यात बाळाला खेळायला कापून दिला. म्हणजे गोष्ट सांगणारी एस्थर जगली आहे, तिच्या घरात बाळ आहे. हे वाक्य मला दुसऱ्या वाचनात दिसलं, आणि तरी लेख लिहिताना मी ते विसरले.

'सगळं मिळालं' हे मात्र पटत नाही. एस्थर नऊ वर्षांची असताना वडील गेले. आई शॉर्टहँड-टायपिंग शिकवून घर चालवते. न्यूयॉर्कचा महिना हे एका मासिकाच्या स्पर्धेतलं बक्षीस आहे. पण समजा, ती खरोखर श्रीमंत असती, तरी काय? घरी परतल्यावर तिला झोप लागत नाही, पत्र लिहायला घेतलं तर अक्षर लहान मुलासारखं वेडंवाकडं येतं, तीन आठवडे ती केस धूत नाही. आज धुतले तरी उद्या पुन्हा धुवावेच लागणार, मग कशाला, असं तिला वाटतं.

त्या पानावर मी थांबले, कारण हे मी घरात पाहिलं होतं. माझ्या मावशीला फुरसत कधीच नव्हती. आठ माणसांचा स्वयंपाक, सासऱ्यांचं आजारपण, दोन लहान मुलं. एका पावसाळ्यात तिने वेणी घालणं सोडलं. मग आंघोळ, मग बोलणं. अंगात आळस भरलाय, म्हणाले सगळे. माझी आजीसुद्धा म्हणाली, आणि तिचा तर जीव होता मावशीवर. आमच्या आयांना हा आजार होत नव्हता असं नाही हो. त्याला आजार म्हणायला घरात कुणी नव्हतं.

शाळेतला तो प्रयोग आठवतो का? काचेच्या हंडीत, म्हणजे बेल जारमध्ये, विजेची घंटा ठेवायची आणि पंपाने आतली हवा काढत जायची. टोला पडताना दिसतो, आवाज मात्र येईनासा होतो. प्लाथची हंडी थोडी वेगळी आहे, तिच्यात माणूस स्वतःच्याच शिळ्या हवेत कोंडलेला असतो. पण मावशीला आठवताना माझ्या डोळ्यांसमोर शाळेतलीच हंडी येते. आम्ही सगळे बाहेर उभे होतो.

तुमच्या रागातला एक भाग मात्र मला खरा वाटतो. एस्थर बरी होते ती एका श्रीमंत लेखिकेने खासगी रुग्णालयाचा खर्च उचलला म्हणून. तिथे डॉक्टर नोलन भेटते. आधीच्या डॉक्टरने धड चौकशी न करता तिला विजेचे शॉक दिले होते, ते शिक्षेसारखे. नोलनकडे तेच उपचार नीट होतात आणि हंडी डोक्यावरून थोडी वर उचलली जाते. मावशीच्या वाट्याला फक्त पहिला प्रकार आला, 1986 साली, भूल न देता. आता 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. त्या पावसाळ्यात असं काही असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

तरुण मुलांनी वाचावं का? एकट्याने, मन आधीच खचलेलं असताना नको, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिने वाचलं, आणि मग पहिल्यांदाच मावशीआजीला नेमकं काय झालं होतं ते विचारलं. आम्ही दोघी रात्री दीडपर्यंत बोलत होतो.

'मृत्यूची चाहूल' हे शब्द लेखातून आज काढते आहे. तुमची प्रतिक्रिया राहू दे, तशीच्या तशी.