उतारा न वाचता उतारा सोडवण्याची कला

घरात यंदा दहावी असेल, पोट्टं मराठी माध्यमाचं असेल, तर इंग्रजीची तयारी आतापावेतो जोरात सुरू झालीच असणार. नागपुरात नंदनवनातल्या नाही तर सक्करदऱ्यातल्या ट्यूशनची फी भरून झाली. बर्डीवरून दोन गाईडं आणि व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक आलं. कोणीतरी व्हॉट्सॲपवर ढकललेली भलीमोठी पीडीएफ चौकातल्या झेरॉक्सवाल्याने दोन्ही बाजूंनी काढून स्पायरलही करून दिली. आता एकच धोका शिल्लक आहे, तो म्हणजे पोट्टं चुकून इंग्रजी वाचायला लागण्याचा. तो कसा टाळायचा तेवढं सांगतो.

आधी गुणांची वाटणी बघून घ्या आणि लगेच विसरून जा. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी कृतिपत्रिका, म्हणजे आपली प्रश्नपत्रिकाच, ८० गुणांची, वेळ ३ तास. उरलेले २० गुण शाळेच्या हातात. ८० पैकी भाषाभ्यासाला १०, पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २०, कवितेला १०, बाहेरच्या उताऱ्याला सारांशासकट १५, लेखनकौशल्याला २० आणि भाषांतराला ५. प्रत्येक उताऱ्याखाली दोन-दोन गुणांच्या पाच कृती असतात आणि व्याकरणाची त्यातली एकच. म्हणजे व्हॉइस (कर्तरीचं कर्मणी करणं), नॅरेशन (दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं), नो सूनर, क्वेश्चन टॅग ही सगळी वरात मिळून तीन उताऱ्यांत ६ गुणांची. उताऱ्यांचे एकूण गुण ३५. आता वर्ष कशाला द्यायचं हे वेगळं सांगायला नको. जूनपासून शाळेच्या प्रिलिम परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी व्हॉइसचे तक्ते, आणि उतारा फेब्रुवारीत, वेळ उरला तर.

व्याकरणाचा तक्ता भिंतीवर लावा. झोपायच्या पलंगासमोर लावला तर उत्तम. ‘इज, ॲम, आर आणि तिसरं रूप, हॅज बीन आणि तिसरं रूप’ असं पोट्टं झोपेतही म्हणायला हवं. सरावाला वाक्यं मात्र गाईडातलीच घ्या, ‘राम इट्स अ मँगो’ जातीची, चार शब्दांची. त्यांचा फायदा असा की कर्म नेहमी शेवटी येतं. मग पोट्टं आपोआप शिकतं की शेवटचा शब्द उचलायचा, पुढे ठेवायचा, मागे बाय लावायचा. परीक्षेत ‘द फार्मर्स हॅड स्टोअर्ड द ग्रेन इन द ओल्ड शेड’ आलं की ते बिनचूक लिहितं, ‘द ओल्ड शेड हॅड बीन स्टोअर्ड बाय द फार्मर्स’. शेतकऱ्यांनी गोदामच साठवून ठेवलं! तक्त्यानुसार सगळं बरोबर आहे, हॅड बीन आहे, तिसरं रूप आहे, बाय आहे. गुण कसा मिळाला नाही म्हणून तुम्ही पेपर तपासणाऱ्याला नावं ठेवायला मोकळे. ‘साठवलं काय?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर धान्य सापडलं असतं, पण त्यासाठी वाक्याचा अर्थ कळावा लागतो, आणि ट्यूशनच्या वेळेत ते बसत नाही. ‘द बर्ड्स फ्लाय’सारख्या वाक्याला कर्मच नसतं म्हणून त्याचा पॅसिव्ह होत नाही, हेही सांगू नका. उगाच शंका विचारत बसेल.

नॅरेशनमध्ये तर तक्ता फार कामाचा. टुडेचं दॅट डे, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, हिअरचं देअर. हे पाठ झालं की नॅरेशन झालं असं समजायचं. अडचण एवढीच की मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे बिनदिक्कत चालतं; ‘की’नंतर मूळ बोलणं आहे तसं राहतं, मी मीच राहतो. इंग्रजीत कोण कोणाला बोललं ते बघून आय आणि यू बदलावे लागतात आणि सांगणारं क्रियापद भूतकाळात असेल तर आतलं क्रियापदही एक पायरी मागे सरकतं. ‘रीना सेड टु हर ब्रदर, आय हॅव लॉस्ट युअर पेन’ याचं ‘रीना टोल्ड हर ब्रदर दॅट शी हॅड लॉस्ट हिज पेन’ होतं. यातला हिज कोणत्याच तक्त्यात नाही, तो भावाकडे बघितल्यावर मिळतो. तक्त्यावर वाढलेलं पोट्टं ‘रीना टोल्ड दॅट आय हॅड लॉस्ट युअर पेन’ लिहितं. म्हणजे पेन लिहिणाऱ्याने हरवला आणि तो तपासणाऱ्याचा होता.

नो सूनर हा ट्यूशनचा लाडका. ‘ॲज सून ॲज द बेल रँग’चं ‘नो सूनर डिड द बेल रिंग’ करायचं, कारण डिडने भूतकाळ एकदा दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. आणि जोडीला दॅन, ज्यात ए आहे. तुम्ही सूत्र पाठ करून घ्या, कारण सांगू नका. मग ‘नो सूनर डिड द बेल रँग देन’ असं दुहेरी भूतकाळाचं आणि भलत्याच स्पेलिंगचं वाक्य मिळतं. टू काढून सो-दॅट करायलाही असंच शिकवा. ‘ही वॉज टू टायर्ड टु वॉक’ यात नॉट कुठेच दिसत नाही, टूच्या पोटात असतो. टू काढला की तो बाहेर येतो, ‘सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’. घाईत नॉट राहून गेला की दमून पडलेला माणूस उठून रामटेकपर्यंत पायी जातो. आणि पोट्ट्याला त्यात काही खटकत नाही, हे तुमच्या वर्षभराच्या मेहनतीचं फळ.

टॅगची चिंता करू नका. आपल्याकडे कोणत्याही वाक्याला ना जोडला की काम होते, तसं इंग्रजीत सगळीकडे इझन्ट इट जोडा. ‘ही हार्डली स्पीक्स’ला डज ही, ‘लेट्स गो’ला शॅल वी, ‘आय ॲम लेट’ला आरन्ट आय, असल्या भानगडी एक-एक करून शिकायच्या म्हणजे वाक्यात हार्डलीसारखा नकार लपलाय का हे बघणं आलं. बघणं म्हणजे वाचणं. टाळा.

भाषाभ्यासाचे १० गुण हातचे समजले जातात, त्यामुळे ते घालवायला थोडं कसब लागतं. सूचना न वाचणे हा खात्रीचा उपाय. क्रियापदांची साखळी करा असं लिहिलेलं असतं, पोट्टं ईट, टेबल, एलिफंट करून मोकळं होतं. साखळी अक्षरांनी जुळली, जातीने नाही.

आता मुख्य विषय, उतारा. इथे तुमच्या पोट्ट्याला एक विद्या शिकवलेली असणारच: आधी प्रश्न बघायचा, त्यातला एक शब्द उचलायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि ज्या वाक्यात सापडला ते वाक्य पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत उतरवायचं. प्रश्न आधी वाचणं ही चांगली सवय आहे बरं का. म्हणूनच तिच्यानंतर उतारा वाचायची जी पायरी येते ती गाळायची. नमुन्यादाखल झीरो माइलवरचा एक बारकासा उतारा घेऊ.

‘द झीरो माइल पिलर स्टँड्स इन नागपूर. मेनी पीपल बिलीव्ह दॅट इट मार्क्स द सेंटर ऑफ इंडिया. हाउएव्हर, इट बिलाँग्ज टु अ सर्व्हे मार्क ऑफ १९०७. द सर्व्हेयर्स नीडेड अ फिक्स्ड पॉइंट टु मेझर फ्रॉम, सो दे चोज धिस स्पॉट.’

चार वाक्यं. पहिली कृती सत्य की असत्य: ‘द पिलर मार्क्स द सेंटर ऑफ इंडिया.’ पोट्ट्याने सेंटर शोधलं, शेजारी मार्क्स आणि इंडियाही सापडले, ट्रू. शिवाय सहल झीरो माइलला गेली तेव्हा सरांनीही हेच सांगितलं होतं. वाक्याच्या तोंडाशी ‘मेनी पीपल बिलीव्ह’ बसलाय आणि पुढच्याच वाक्यात हाउएव्हरने त्याला बाजूला सारलाय, पण शोधलेल्या शब्दात हाउएव्हर नव्हता. बट, हाउएव्हर, दो, यट या चार शब्दांना पेन्सिलने गोल केला तर अर्धी असत्य विधानं ओळखता येतात. हे पोट्ट्याला कळू देऊ नका. आणि झीरो माइलबद्दल त्याला काय माहीत आहे ते उत्तरात येऊ देत राहा; उताऱ्यात काय लिहिलंय यापेक्षा शेजारच्या काकांनी काय सांगितलं ते वजनदार असतं.

दुसरी कृती: ‘व्हाय डिड द सर्व्हेयर्स चूज धिस स्पॉट?’ व्हाय दिसला की बिकॉज शोधायचा, ही शिकवण. उताऱ्यात बिकॉज नाहीच. मग हुशार पोट्टं सो शोधतं आणि सोच्या पुढचं उतरवतं, ‘दे चोज धिस स्पॉट.’ का निवडली? तर निवडली म्हणून. बिकॉजचं कारण त्याच्या मागोमाग येतं, सोचं कारण त्याच्या आधी येऊन गेलेलं असतं. आणि दे म्हणजे कोण? उत्तरपत्रिकेत दे एकटाच उभा असतो, त्याच्या मागचे सर्व्हेयर्स उताऱ्यातच राहिलेले. सर्वनामाच्या जागी नाव घाला हे सांगायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून कोणी सांगत नाही.

तिसरी शब्दांची: ‘मूव्हेबल’चा विरुद्धार्थी शब्द उताऱ्यातून शोधा. आपलं पोट्टं ‘इममूव्हेबल’ लिहितं, एक एम जास्त टाकून. फिक्स्ड उताऱ्यात बसून बघत राहतो. ‘उताऱ्यातून’ हे प्रश्नात छापलेलं होतं, पण प्रश्नातला फक्त एक शब्द उचलायचा ठरलं होतं ना.

चौथी व्याकरणाची, तिचं वर झालंच. पाचवी कृती स्वतःच्या मताची. इथे स्वतःचं मत आणू नये. एकच वाक्य वर्षभर घोटून घ्या: ‘येस, आय लाइक इट व्हेरी मच बिकॉज इट इज व्हेरी नाइस अँड युजफुल.’ पर्यावरण असो, शिस्त असो, आजोबा असो, सगळ्यांना चालतं. परवा एका उताऱ्याखाली अपघात टाळण्यासाठी तू काय करशील असं विचारलेलं पाहिलं. तिथेही येस चाललं असतं, असं म्हणायला मन धजत नाही, पण लिहिणारे लिहितात.

सारांशाला ५ गुण, त्यात शीर्षक आलंच. उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश, आपल्या शब्दांत, उदाहरणं गाळून. तुमची पद्धत अशी ठेवा: प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उचला, शेवटचं वाक्य उचला, मधे अँड टाका. शीर्षकासाठी उताऱ्यातला सर्वांत मोठा शब्द घ्या. वेळेचा हिशेब तर करूच नका. ८० गुणांना १८० मिनिटं म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. बाहेरचा उतारा सारांशासह १५ गुणांचा, म्हणजे त्याच्या वाट्याला चांगली ३३ मिनिटं येतात. त्यातली ६-७ उतारा दोनदा वाचण्यात घातली तरी लिहायला भरपूर उरतात. हा हिशेब कळला तर पोट्टं वाचायला लागेल. त्यापेक्षा पत्रात मार्जिन आखण्यात, तारखेखाली दोन रंगांच्या रेघा मारण्यात वेळ जाऊ द्या.

कवितेच्या रसग्रहणाचे ५ गुण. प्रत्येक कवितेत ॲलिटरेशन आहे असं लिहा. कुठेतरी दोन शब्द एकाच अक्षराने सुरू झालेले असतातच. अर्थ? तो गाईडात आहे, तेवढा बस झाला बाप्पा.

घरी सराव कसा तपासायचा तेही सांगतो. पोट्ट्याने जुन्या कृतिपत्रिकेतला उतारा सोडवला की तुम्ही गाईडाच्या मागचं उत्तर उघडा आणि शब्द-शब्द जुळवा. जुळला की बरोबर, नाही जुळला की फुली. चुकलेल्या उत्तराला उताऱ्यातली कोणती ओळ आधार होती, असं विचारू नका. ती ओळ बोटाने दाखवायला लावली की चूक कुठे झाली ते दोघांनाही दिसतं आणि तासभराचं काम वीस मिनिटांत आटोपतं. मग उरलेल्या वेळाचं करायचं काय? एकच उतारा दोनदा सोडवून घेऊ नका, रोज नवीन पाच द्या. संख्या महत्त्वाची. शेजारच्यांच्या पोट्टीने किती सोडवले ते विचारून ठेवा.

परीक्षेच्या दिवशीचं एक राहिलं. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी म्हणून ती १० मिनिटं आधी हातात पडायची. २०२३ पासून मंडळाने ती सोय बंद केली आणि १० मिनिटं शेवटी वाढवून दिली. म्हणजे वाचायचं असेल तर आता लिहून झाल्यावर वाचा, राजेहो! आपल्या पद्धतीला हे फारच सोयीचं पडलं. त्या १० मिनिटांत पुरवण्यांना दोरा नीट बांधावा, पुरवण्यांची संख्या पहिल्या पानावर टाकली की नाही ते बघावं, मुख्य मुद्द्यांखाली पेन्सिलने रेघा ओढाव्यात. एवढं करूनही मिनिटभर उरलाच तर उतारा एकदा वाचून काढायला हरकत नाही. उत्तर मात्र बदलू देऊ नका, खाडाखोड वाईट दिसते.