सातशे रुपयांचा हिरवा दिवा आणि मामांची स्विफ्ट

जुन्या गाडीची ताकद आणि ॲव्हरेज वाढवणाऱ्या यंत्राचा एक मेसेज गेल्या पंधरवड्यात मला चार वेळा आला. तीनदा गप्प बसले. चौथ्यांदा तो मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली स्वतःची ओळ जोडून: "मी बसवलंय. फरक जाणवतोय."

मामांची गाडी २०१२ची स्विफ्ट डिझेल, मिरजेत असते. भाची चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करते हे मामांना पक्कं माहीत आहे, कारण लग्नकार्यात ते सगळ्यांना तेच सांगतात. पण सातशे रुपये मोजण्याआधी तिला एक फोन करावा, हे काही सुचलं नाही.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात. जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीने ताकद आणि ॲव्हरेज मुद्दाम लॉक करून ठेवलेलं असतं. (१) स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक छोटं यंत्र लावा, २०० किलोमीटरमध्ये ते तुमची सवय शिकतं आणि कॉम्प्युटर नव्याने प्रोग्रॅम करतं. (२) चेक इंजिनचा दिवा लागला तर मोबाईलवरून बिघाडाचा कोड पुसा, नाहीतर कोडमध्ये नाव येईल तो पार्ट बदला. (३) बॅटरीची निगेटिव्ह वायर रात्रभर काढा, ॲव्हरेज नव्या गाडीसारखं. (४) १९९० नंतरची कुठलीही गाडी मोबाईलवर वाचता येते. (५) लॅपटॉप आणि दीड हजाराची केबल असली की घरी रिमॅप करा, म्हणजे कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदला, आणि ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारी झडप) बंद करा. (६) सर्व्हिस सेंटर हे तुमच्यापासून लपवतं. शेवटी हात जोडलेले सहा इमोजी.

यंत्रापासूनच सुरुवात करते, कारण मामांचे पैसे तिथे गेले.

गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, बाहेरून काही बदलायला लावायचं तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं. सॉकेटच्या सोळा पिनांपैकी सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर कॅन नावाची जोडवायर असते, त्यावर संवाद चालतो. तिथे शिरण्यासाठी यंत्रात कॅनचे सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग हवा. मग ईसीयूकडून प्रोग्रॅमिंगची परवानगी मागायची, तो एक आकडा देतो, त्याचं बरोबर उत्तर द्यायचं. ते जमलं तर जुना डेटा पुसून नवा लिहायचा. तोही त्या नेमक्या ईसीयूसाठी बनवलेला हवा. एका कारचा हा डेटा दुसरीला चालत नाही, एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांचाही चालेलच असं नाही. आणि हे सगळं गाडी मिरज-सांगली रस्त्यावर धावत असताना, इंजिन चालू असताना, सातशे रुपयांत.

२०१८ साली क्वार्क्सलॅब या फ्रेंच सुरक्षा कंपनीच्या लोकांनी असलं एक यंत्र, नायट्रो ओबीडी२, विकत घेऊन उघडलं. आत काय होतं? एक चिप, थोडे फुटकळ सुटे भाग, एक बटण आणि दिवे. कॅनसाठी लागणारा भाग बोर्डावर दिसेना. कुणी म्हणेल, चिपच्या आत असेल. म्हणून त्यांनी चिपचं कवच ॲसिडने उतरवून आतलं सिलिकॉन बघितलं. तिथेही नाही. त्याआधी त्यांनी यंत्र खऱ्या गाडीला लावून तारेवरचा सगळा संवाद नोंदवला होता, यंत्रासह आणि यंत्राविना. यंत्र लावल्यावर तारेवर एकही नवा संदेश आला नाही. ते गप्प बसून दिवे लुकलुकवत होतं.

मामा, आता बसून वाचा. त्यांनी चाचणीला घेतलेली गाडी होती सुझुकी स्विफ्ट. डिझेल. २०१२ची.

हे मी फोनवर सांगितलं तर मामा म्हणाले, "अगं, पण ते तिकडचं यंत्र. माझं वेगळंय, माझ्यावर हिरवा दिवा आहे." मी म्हटलं, उघडून बघते. तर, "उघडलं की वॉरंटी जाते." आणि वर, "अजून दोनशे किलोमीटर पुरे व्हायचेत." हे दोनशे किलोमीटर मात्र ज्याने शोधून काढले त्याच्या डोक्याला दाद दिली पाहिजे. तेवढ्यात परत करायची मुदत संपते, आणि माणूस रोज काट्याकडे बघत, पाय हलका ठेवून गाडी चालवायला लागतो. ॲव्हरेज खरंच थोडं वाढतं. मामांचा "फरक" तिथून आलाय, त्यांच्या उजव्या पायातून.

आता कोड पुसायचा मुद्दा. हा पहिल्याइतका हास्यास्पद नाही, पण नुकसान याने जास्त होतं.

मागच्या पावसाळ्यात याच स्विफ्टचा पिकअप गेला होता. चढाला गाडी रडायची, दिवा लागायचा. मामेभावाकडे ब्लूटूथचा स्वस्त रीडर आहे. त्याने कोड वाचला: पी ०२९९. नेटवर शोधलं तर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा भाग. गॅरेजवाल्यानेही मान डोलावून नवा टर्बो सांगितला. तीस हजारांच्या वरचा आकडा ऐकून मामांनी मधला मार्ग काढला: रोज सकाळी दिवा पुसायचा. तीन आठवडे पुसला. पी ०२९९ चा अर्थ एवढाच, की टर्बोने जितका हवेचा दाब द्यायला हवा तितका मोजणाऱ्या सेन्सरला मिळाला नाही. का मिळाला नाही, ते कोड सांगत नाही. टर्बो गेलेला असेल, सेन्सर घाणीने भरला असेल किंवा टर्बोपासून इंजिनपर्यंतच्या वाटेत हवा गळत असेल. शेवटी मिरजेतल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिन रेस करायला लावून इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या, होज पाईपखालून हात फिरवला. पाईप खालच्या बाजूने फाटला होता, तेलाने ओला झालेला. पाईप, दोन क्लिपा आणि मजुरी. टर्बोच्या भावात असे कितीतरी पाईप आले असते.

आणि रोज पुसल्याने काय झालं? कोड नोंदवला जातो त्या क्षणी ईसीयू इंजिनची गती, भार, तापमान, वेग असे आकडेही टिपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही जातं, आणि गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या पूर्ण करत आणते त्या परत शून्यापासून सुरू होतात. म्हणजे मिस्त्रींच्या कामाची एकमेव साक्ष आपणच रोज सकाळी चहाआधी फाडत होतो. तेव्हा आधी वाचा, लिहून घ्या, स्क्रीनचा फोटो काढा. पुसायचं ते दुरुस्ती झाल्यावर.

पेट्रोलवाल्यांचीही हीच गत. पी ०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, की ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकतात. बिचारा सेन्सर खरं बोलत असतो. दोष असतो चिरलेल्या व्हॅक्यूम पाईपचा नाहीतर दमलेल्या पेट्रोल पंपाचा. पी ०४२० आला, म्हणजे धूर नीट स्वच्छ होत नाहीये, की लोक थेट सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलतात, गळका जॉइंट बघतच नाहीत. आणि एक गोष्ट मात्र कृपा करून लक्षात ठेवा: पेट्रोल गाडीत हा दिवा लागून राहण्याऐवजी लुकलुकत असेल तर पाय सोडा, गाडी हळू घ्या, जमेल तिथे थांबवा. मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि तो आतून वितळू शकतो. तिथे मोबाईल काढून कोड पुसत बसू नका.

बॅटरीच्या वायरीबद्दल फार लिहीत नाही. वायर काढल्याने जुन्या ईसीयूची शिकलेली दुरुस्ती जाते: मिश्रण किती कमी-जास्त करायचं, आयडलिंग कुठे ठेवायचं. म्हणजे गाडीची सवय गेली, झीज तशीच राहिली. काही दिवस आयडलिंग वरखाली होतं, मग ती पुन्हा तेच शिकते, कारण इंजेक्टर आणि फिल्टर तेच आहेत. नवा इंजेक्टर किंवा सेन्सर टाकल्यावर असं रिसेट करण्याला अर्थ आहे, तेवढं खरं. एरवी फक्त घड्याळ बारावर येतं आणि टेपचा कोड शोधत कपाट उपसावं लागतं.

१९९० नंतरची कुठलीही गाडी? अमेरिकेत ओबीडी-२, म्हणजे गाडीचे बिघाड वाचण्याची सगळ्या कंपन्यांना सारखी पद्धत, सक्तीची झाली १९९६ च्या मॉडेलपासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आणि दुसरा एप्रिल २०१३ ला. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची आपापली भाषा. सॉकेट सोळा पिनांचं दिसलं म्हणून आत तीच भाषा असेल असं नाही. जुन्या मारुतींत तर स्कॅनरशिवाय कोड वाचायची पद्धत होती: डायग्नोसिसच्या कनेक्टरमध्ये ठरलेल्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडायचा, किल्ली ऑन करायची आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एक, थांबून दोन, म्हणजे बारा: सगळं ठीक. ज्यांनी ते केलंय त्यांना अजून त्या लयीची आठवण असते. तिथे तुमचा ब्लूटूथ रीडर लावला तर तो "कनेक्ट होत नाही" म्हणणार, आणि तुम्ही म्हणणार ईसीयू गेला.

आता रिमॅप. इथे मला दात-ओठ खात थोडं मान्य करावं लागेल. टर्बो डिझेलमध्ये सॉफ्टवेअर बदलून ताकद खरंच वाढते. डिझेल किती, कधी आणि टर्बोचा दाब किती हे ईसीयू ठरवतो, आणि खराब इंधन, उन्हाळा, घाट, वॉरंटी या सगळ्यांसाठी कंपनी हात राखून ठेवते. "लॉक" हा शब्द तिथून आला. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत मात्र हवाच तेवढी येते, तिथे हाताला फारसं काही लागत नाही. आणि "एकच इंजिन, नुसतं सॉफ्टवेअर वेगळं" ही स्विफ्टवाल्यांची आवडती थाप अर्धीच खरी. १.३ लिटरचं तेच डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएसचं आणि अर्टिगात ९० पीएसचं होतं, पण ९० वाल्याला टर्बोच वेगळा होता, पाती हलवू शकणारा. तो केबलमधून येत नाही.

घरी करण्यातला धोका साधा आहे. लिहिताना जुनी बॅटरी बसली, केबल हलली, लॅपटॉप झोपला, तर ईसीयू अर्धा पुसलेला आणि अर्धा लिहिलेला राहतो. मग गाडी टोईंगवर. दुसरा ईसीयू लावायचा तर तो इमोबिलायझरला, म्हणजे किल्लीला, ओळखत नाही. तो खर्च वेगळा. जे हे काम नीट करतात ते आधी मूळ फाइल वाचून जपून ठेवतात आणि काम होईपर्यंत बॅटरीला स्थिर सप्लाय जोडतात. मेसेजमध्ये या दोन्हींचा शब्द नाही.

आणि ईजीआर बंद करण्याचा सल्ला वाचून तर डोकंच फिरलं. ईजीआर थोडा धूर परत इंजिनात सोडतो, त्याने ज्वलनाचं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. तो बंद केला की काजळी कमी होते, इंजिन आतून स्वच्छ राहतं, हे खरं आहे, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणाच मोजतात, म्हणून सर्टिफिकेटही मिळतं. पण जे वाढलं ते फारसं डोळ्यांना दिसत नाही, श्वसनमार्गाला कळतं. तपासणीत पास, रस्त्यावर मात्र विषारी वायू: हाच खेळ सॉफ्टवेअरमधून फोक्सवॅगनने केला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत पकडले गेले, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. आपल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या, आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजारांहून जास्त डिझेल गाड्या परत बोलावल्या, त्याच ईसीयूंचं सॉफ्टवेअर बदलण्यासाठी. एवढ्या मोठ्या कंपनीला नाक मुठीत धरून जे मागे घ्यावं लागलं, ते आमच्या ग्रुपवर "जनहितार्थ" म्हणून फिरतंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई करतं, हेही जाता जाता.

सर्व्हिस सेंटर लपवतं का? कोड लपवत नाही, ओबीडी-२ गाड्यांत मुख्य कोड प्रमाणित असतात, कुणालाही वाचता येतात. स्कॅन करण्याचे पैसे घेऊन कागद हातात देत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. कागद मागा. आणि मामेभावाचा तो स्वस्त रीडर फेकू नका, वाचायला तो पुरतो. फक्त स्वस्तातले बरेचसे ईएलएम३२७ या चिपच्या नकला आहेत, काही आज्ञा त्यांना कळतच नाहीत. एखादा आकडा आला नाही तर गाडीला दोष देऊ नका.

मामांनी ते यंत्र अजून काढलेलं नाही. रात्री किल्ली शोधायला हिरवा उजेड बरा पडतो म्हणतात. असू दे. फक्त मामा, सोळा नंबरच्या पिनेला किल्ली बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. तुम्ही दिवाळीत पुण्याला याल आणि गाडी तिकडे दोन-तीन आठवडे उभी राहील, तेव्हा तेवढं उपसून ठेवा.