‘लोडच्या गाडीला ऑटोमॅटिक नको’ हे किती खरं?

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा: ‘ऑटोमॅटिक गिअर कारला ठीक. जड आणि जास्त हॉर्सपॉवरच्या गाडीला घेऊ नका. घाटात उतरताना इंजिन गाडीला धरत नाही, मोठ्या इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला सोसत नाही, चढावर क्लच जळतो, डिझेल जास्त लागतं आणि रस्त्यात बंद पडली तर मिस्त्री हात लावत नाही.’

न्हावा-शेवाहून पुण्याकडे आणि नाशिककडे कंटेनर नेणाऱ्या गाड्यांची देखभाल हे माझं रोजचं काम. या पाचांपैकी शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे. पहिला मात्र धोक्याचा आहे, कारण त्यावर विश्वास ठेवणारा ड्रायव्हर घाटात भलत्याच गोष्टीला घाबरतो.

मुळात ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. आतून तो नेहमीचाच मॅन्युअल बॉक्स असतो, तीच क्लच प्लेट, तसेच गिअर. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम ड्रायव्हरऐवजी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते. व्होल्वोचा आय-शिफ्ट २००१ साली आला तो हाच प्रकार, आणि टाटा प्राइमा किंवा भारतबेंझच्या काही जड गाड्यांत मिळतो तोही हाच. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, अ‍ॅलिसन कंपनीच्या बॉक्ससारखा. त्यात गाडी उठताना इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे जातो, मध्ये क्लच पेडल नाही की घासणारी कोरडी प्लेट नाही. संदेशात दोघांचे दोष एकाच गाडीच्या माथी मारले आहेत.

आता घाट. ५५ टनांचा भरलेला ट्रेलर बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे जवळजवळ ५०० मीटर खाली येतो. त्या उंचीची ऊर्जा होते सुमारे २७० मेगाज्यूल. उतरायला पंधरा मिनिटं लागली, तर सरासरी ३०० किलोवॉट, म्हणजे जवळपास ४०० हॉर्सपॉवर, सतत कुठेतरी जिरवायला लागतात. थोडा भाग टायर आणि हवा खातात. उरलेलं सगळं एकट्या ब्रेक लायनरवर टाकलं, तर ते तापतात, धूर येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून हे ओझं इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा) उचलायचं असतं, जिथे रिटार्डर (लायनर न घासता वेग रोखणारी जोडयंत्रणा) असेल तिथे त्यानेही.

एएमटीत गिअर पडलेला असतो तेव्हा क्लच पूर्ण जोडलेला असतो. चाकं आणि इंजिन यांच्यात मॅन्युअलइतकाच घट्ट दुवा असतो, तेव्हा ‘इंजिन धरत नाही’ हे त्याला लागूच होत नाही. उलट बऱ्याच गाड्यांत इंजिन ब्रेकचा दांडा ओढला की बॉक्स आपणहून खालचा गिअर घेतो, कारण फेरे वाढले तरच इंजिन ब्रेक जोरात लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच बसला की तेलातली घसरण संपते, आणि अ‍ॅलिसनच्या मोठ्या बॉक्सना तेलावर चालणारा रिटार्डर जोडून मिळतो. एक काळजी दोघांतही घ्यायची. वेग आधीच वाढला असेल तर इंजिन फाटू नये म्हणून बॉक्स खालचा गिअर नाकारतो. म्हणून घाटाच्या तोंडाशीच वेग कमी करून मॅन्युअल मोडवर खालचा गिअर धरावा. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं इथेही तसंच लागू पडतं.

खरा घात न्यूट्रलने होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एक जड वाहन एकामागोमाग कितीतरी गाड्यांवर आदळलं. उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांच्या तपासातून पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर बंद आणि पॉवर स्टिअरिंगही जड. एवढं करून डिझेल तरी वाचतं काय? आजच्या कॉमन रेल इंजिनात (डिझेलची फवारणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते ते) गिअर पडलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलात, तर डिझेलची फवारणी पूर्ण थांबते. चालू इंजिनावर न्यूट्रल मारलात, तर उलट आयडलिंगचं डिझेल जळतं. हे मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगतो, आणि निम्म्यांना ते पहिल्यांदाच कळतं.

हॉर्सपॉवरचा मुद्दा तर अजिबात टिकत नाही. खाणीतला कॅटरपिलर ७७७ डंपर सुमारे १००० हॉर्सपॉवरचा आणि १०० टनी वर्गातला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर आणि सात गिअरांचा ऑटोमॅटिक बॉक्सच असतो. व्होल्वोने गोथेनबर्ग बंदरात ७५० टनांचा ताफा एका ट्रकने १०० मीटर ओढून दाखवला, तोही क्रॉलर गिअर (अगदी हळू पण जोरात ओढणारे गिअर) असलेल्या आय-शिफ्टवर. गिअरबॉक्स निवडताना हॉर्सपॉवरचा आकडा बघून भागत नाही. बॉक्स किती न्यूटन-मीटर टॉर्क घेऊ शकतो आणि इंजिन किती देतं, हे दोन आकडे शेजारी ठेवा. इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेतली असेल, तर हे आणखीच गरजेचं.

क्लच जळण्याबद्दल: जळतो, मी जळालेले बदलले आहेत. कसाऱ्याच्या चढावर ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतो. पायाखाली क्लच पेडल नसल्यामुळे प्लेट घासतेय हे त्याला जाणवत नाही. आमची एक गाडी याच सवयीने चार महिन्यांत क्लच प्लेटला आली. चढावर थांबलात की ब्रेक लावा, पुढे जागा पडू द्या, मग एका दमात निघा. पण ज्या गाडीचं कामच दिवसभर रांगेत इंच-इंच सरकणं किंवा चिखलात चढणं आहे, तिला एएमटी देऊ नये असंच माझं मत आहे. एएमटीत गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि चिखलाच्या चढावर तेवढ्यात गाडी बसते. तिथे टॉर्क कन्व्हर्टर घ्या. किंमत जास्त आहे, पण उष्णता तेलात आणि तिथून कूलरमध्ये जाते, प्लेटवर नाही.

डिझेलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लांब पल्ल्यावर मुरलेला ड्रायव्हर मॅन्युअलवर एएमटीएवढंच अ‍ॅव्हरेज काढतो. पण दहा गाड्यांवर दहाही ड्रायव्हर मुरलेले मिळत नाहीत.

राहिला मिस्त्री. हायवेवरचा फिटर एएमटीचा सेन्सर किंवा कंट्रोलर उघडू शकत नाही, हे मान्य. म्हणून गाडी बुक करण्याआधी आपल्या रूटवर कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे आणि स्कॅनर घेऊन माणूस किती तासांत पोचतो, हे लेखी घ्या. उत्तर ‘दुसऱ्या दिवशी’ असं आलं, तर मीसुद्धा मॅन्युअलच घेईन. आणि बंद गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढून न्यायची वेळ आली, तर आधी प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवा. इंजिन बंद असताना बॉक्समधल्या गिअरांना आणि बेअरिंगना पुरेसं तेल पोचत नाही, आणि वीस-तीस किलोमीटरच्या टोइंगमध्ये लाखांचा बॉक्स आतून जळतो.