फोटोतलं नाक करारात नसतं

नाकाच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी पेशंटला त्याचाच संगणकावर बदललेला फोटो दाखवावा की नाही, यावर आमच्या भारतातल्या नातेवाइकांत आणि मित्रमंडळींत सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, हा गिऱ्हाईक गळाला लावायचा धंदा आहे, बंदच करा. दुसरा म्हणतो, पैसे मोजणाऱ्याने आधी बघायचंही नाही का? एकमत फक्त एका गोष्टीवर आहे: ‘तुमच्याकडे इंग्लंडात हे सगळं कायद्याने नीट बांधलेलं असेल.’ मी इथे एका रुग्णालयात वैद्यकीय छायाचित्रकार आहे. नाकांचे फोटो काढणं हे रोजचं काम, म्हणून पंच म्हणून मलाच ओढतात. माझं उत्तर कुठल्याच तटाला आवडत नाही.

आधी कायद्याचं. युरोपात बदललेल्या फोटोंवर आणि सौंदर्यशस्त्रक्रियेच्या जाहिरातींवर नियम आहेत, हे खरं. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाचं शरीर किंवा त्वचा बदलून दाखवली असेल, तर फोटोवर तसं ठळक लिहावं लागतं. फ्रान्सने २०२३ च्या कायद्याने इन्फ्लुएन्सर मंडळींना सौंदर्यशस्त्रक्रियेची भलामण करायलाच बंदी घातली. ब्रिटनमध्ये २५ मे २०२२ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून सौंदर्यशस्त्रक्रियेच्या जाहिराती करता येत नाहीत. पण हे तिन्ही नियम जाहिरातींचे आहेत. डॉक्टरच्या खोलीत, दार लावून, पेशंटच्या फोटोतलं नाक स्क्रीनवर सरळ केलं जातं, त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिवाय ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे बिरुद ब्रिटनच्या कायद्याने कुणासाठी राखून ठेवलेलं नाही. तेव्हा इथलं सगळं आलबेल आहे, या समजुतीत कुणी राहू नये.

गंमत म्हणजे कागदावर भारताचा नियमच जास्त कडक आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढणंच अनैतिक. ऑगस्ट २०२३ मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याहून पुढे जाऊन, समाजमाध्यमांवर बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो किंवा शस्त्रक्रियेचे दिपवणारे निकाल टाकू नका, असं सांगणारे नियम आणले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. मोबाइलवर ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंचा पूर चालूच आहे.

आता माझ्या कामाबद्दल, कारण या वादात फोटोवर सगळे बोलतात आणि तो काढला कसा हे कुणी विचारत नाही. नाकाचा फोटो म्हणजे एक फोटो नव्हे. समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरक्या कोनांतून आणि मान मागे टाकून खालून, असा संच असतो. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आणायची, कारण हनुवटी जराशी उचलली तरी नाकाचा शेंडा वर गेल्यासारखा दिसतो. हसायचं नाही, हसताना शेंडा खाली ओढला जातो. प्रकाश दर वेळी तोच, अंतर तेच. यातलं एक चुकलं, तर शस्त्रक्रिया न करताच नाक ‘सुधारतं’. ‘आधी’च्या फोटोत वरून कडक उजेड आणि खाली झुकलेली मान, ‘नंतर’च्यात मऊ उजेड आणि हलकं उचललेलं तोंड, असे जोड मी इतके पाहिलेत की आता पहिली नजर नाकावर न जाता सावलीवर जाते.

सेल्फीबद्दल तर बोलायलाच नको. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवून दिलं, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २०१७ साठी सदस्यांची पाहणी केली, तेव्हा ५५ टक्के सर्जनांनी सांगितलं, की सेल्फीत बरं दिसायचं म्हणून पेशंट येतात. म्हणजे जे रुंद नाक कमी करून हवंय, त्यातलं काही नाक मुळात लेन्सचं आहे.

माझी भाची तिकडे भारतात नाकाच्या शस्त्रक्रियेच्या याच रांगेत आहे. तिने ॲपमध्ये बदललेले स्वतःचे फोटो मला पाठवले आणि लिहिलं, “मावशी, फक्त मधला उंचवटा काढायचाय.” पाहिलं तर उंचवटा गेला होताच, शिवाय शेंडा वर उचलला होता, नाकपुड्या आत घेतल्या होत्या आणि जाता जाता ॲपने जबडाही तासला होता. तिला कळलंच नव्हतं.

बाजूने काढलेल्या फोटोत उंचवटा पुसणं हा संगणकाचा हातचा मळ आहे. एक रेषा आत ढकलली की झालं. प्रत्यक्षात त्या रेषेखाली वर हाड, खाली कूर्चा आणि दोन्हींवर त्वचा असते. वरची उंची कापली की छप्पर उघडं पडतं, मग दोन्हीकडची हाडं मोडून आत आणावी लागतात, आणि त्याने समोरून दिसणारं नाक बदलतं. फोटो मात्र बाजूचा! आरशात स्वतःला कुणी बाजूने बघत नाही, समोर बसलेला माणूसही नाही. जाड, तेलकट त्वचा असेल तर आतला शेंडा कितीही रेखीव केला तरी वरून तो तसा उमटत नाही; आपल्याकडे अशी त्वचा कमी नाही. प्लास्टर साधारण आठवड्यात निघतं, पण शेंड्याची सूज ओसरायला वर्ष लागतं, कधी जास्तच. आणि श्वास? नाकाच्या आतल्या सर्वांत अरुंद जागेचा आधार कापला गेला, तर श्वास घेताना बाजू आत खेचल्या जातात. फोटो श्वास घेत नाही.

मग बंदी घालायची का? मुळीच नाही, आणि इथे पहिला तट माझ्यावर नाराज होतो. ‘थोडं बारीक’ म्हणजे किती, हे शब्दांत कधीच ठरत नाही. पेशंटच्या डोक्यातलं नाक आणि सर्जनच्या डोक्यातलं नाक वेगळी आहेत, हे ऑपरेशननंतर कळण्यापेक्षा स्क्रीनवर कळलेलं बरं. मिलिमीटरभर बदलावरही पेशंट पुन्हा पुन्हा ‘अजून, अजून’ म्हणत राहिला, तर चाणाक्ष सर्जन तिथेच थांबतो. आपल्या रूपाबद्दलची ही बेचैनी मनाचा आजार असू शकते, आणि ती सुरीने जात नाही. बंदी घातली तरी लोक ॲप वापरणारच. मग निदान शरीर जाणणाऱ्याच्या हाताने ते व्हावं.

म्हणूनच ब्रिटनकडून घ्यायचंच असेल, तर त्या जाहिरातींच्या नियमांपेक्षा दुसरी गोष्ट घ्यावी. इथल्या डॉक्टरांचं नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये सांगितलं, की जो डॉक्टर शस्त्रक्रिया करणार त्यानेच पेशंटशी बोलून संमती घ्यायची, आणि निकालाची हमी द्यायची नाही. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या सर्जनांच्या संस्थेच्या मानकांनुसार पहिली भेट आणि संमती यांच्यात किमान दोन आठवडे जावे लागतात. बदललेला फोटो पाहून त्याच दुपारी ॲडव्हान्स भरायची सोय त्यात नाही. अर्थात, घाई असलेली मंडळी स्वस्त पॅकेज बघून विमानाने दुसऱ्या देशात जातात, हेही इथे राहून दिसतं.

फोटो बदलून दाखवायला संगणक चालवणारा क्लिनिकचा समुपदेशक नको, ज्याच्या हातात सुरी त्याच्याच हातात माउस हवा, एवढी माझी मागणी आहे. फोटो समोरूनही बदलून दाखवा. चांगल्या निकालासोबत मध्यम निकालही दाखवा. प्रत पेशंटला द्या, तारीख घालून.

भाचीचा सर्जन यातलं बरंच करतो, असं दिसतं. त्याने तिचे ॲपमधले फोटो बाजूला ठेवून नव्याने संच काढला आणि स्वतः जो बदल करून दाखवला तो इतका थोडा होता, की ती चिडली. ‘एवढ्यासाठी एवढे पैसे?’ असं मला विचारत होती. दुसरी भेट अजून व्हायची आहे. ती दुसरा डॉक्टर शोधायच्या विचारात आहे, मला मात्र हाच बरा वाटतो.