रहस्य फोडणाऱ्या हुशार मुलाच्या पालकांस

आज आमच्या सोसायटीत एका वाढदिवसाला जादूचे प्रयोग होते. जादूगार कड्यांत कडी अडकवून दाखवत असताना पहिल्या रांगेतला एक मुलगा मोबाइल उंचावून ओरडला, "यात सगळं दाखवलंय!" आणि त्याला गप्प करण्याऐवजी त्याच्या पालकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. जादूगाराने कड्या शांतपणे पिशवीत ठेवल्या आणि नाणी काढली. मी मात्र अजून शांत झालेलो नाही.

माझे वडील शिक्षक होते आणि गणेशोत्सवात जादूचे प्रयोग करीत. कापलेली दोरी पुन्हा अखंड करण्याचा प्रयोग बसवायला त्यांना अख्खा पावसाळा लागला. कृती त्यांना एका संध्याकाळीच समजली होती. पण भरलेला हात रिकाम्या हातासारखा सैल ठेवणे, नेमक्या क्षणी मान वर करणे, कारण जादूगार पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतात, आणि हे करताना बोलण्याचा ओघ तुटू न देणे, यासाठी ते रोज रात्री आरशासमोर उभे राहत. रहस्य कळले म्हणजे जादू कळली, असे मानणाऱ्यांनी पेटीच्या पट्ट्या मोजून खुशाल स्वतःला गवई म्हणवून घ्यावे.

माणूस करवतीने कापण्याचा प्रयोग लंडनच्या रंगमंचावर १९२१ पासून होत होता. तरीही जादूगार पी. सी. सरकारांनी १९५६ मध्ये बीबीसीवर तो एका मुलीवर केला आणि मुलगी 'जागी' होण्याआधीच कार्यक्रमाची वेळ संपली, तेव्हा ती खरोखर मेली या भीतीने लोकांनी फोनवर फोन केले. प्रयोग जुनाच होता; लोक घाबरले ते सरकारांनी तो ज्या तऱ्हेने रंगवला त्यामुळे.

हातातून अंगारा काढून दैवी शक्तीचा दावा करणाऱ्या बुवांचे बिंग फोडलेच पाहिजे, हे मान्य. पण जादूगार तिकीट लावून, आधी सांगून फसवतो. त्याला त्या रांगेत बसवू नका.

आता त्या मुलावर फार रागावण्याचा मला अधिकार नाही, हेही लिहून टाकतो. सहावीत असताना मूठभर बोरांच्या बदल्यात मी वर्गातल्या चौघांना दोरीचे रहस्य सांगितले होते. त्या वर्षी मंडपात ते चौघे एका सुरात ओरडले, "डावा हात बघा!" वडील हसले, दोरीची घडी केली आणि पुढचा प्रयोग सुरू केला. घरी त्यांनी मला एका शब्दानेही विचारले नाही. ती दोरी मात्र पुन्हा कधी पेटीबाहेर आली नाही.

आज पाहुणे पांगल्यावर मी सामान आवरणाऱ्या जादूगाराकडे गेलो आणि दोरीचा प्रयोग करता का, असे विचारले. "करतो की," म्हणत त्यांनी खुर्च्यांच्या चळतीशेजारी उभे राहून फक्त माझ्यासाठी तो केला. डावा हात कोणत्या क्षणी पाहायचा, हे मला आजही ठाऊक आहे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.